पात्रांना नावं ठेवण्याआधी: कथा लिहू लागलेल्यांसाठी

नवख्यांच्या कथा वाचताना पुष्कळदा पहिल्याच पानावर अडखळायला होतं. माण तालुक्यातलं गाव, बाहत्तरचा दुष्काळ, खडी फोडायचं काम, सुकडीचं वाटप, सगळं जागच्या जागी असतं. आणि त्या कामावरच्या सोळा वर्षांच्या मुलीचं नाव असतं अन्विता. १९५६च्या सुमारास माणदेशात जन्मलेली अन्विता! पान उलटायच्या आत कथेवरचा विश्वास उडतो. याच्या उलटही घडतं. हिंजवडीत नोकरी करणारा पंचविशीतला मुलगा, नाव गजानन. तो शेगावच्या बाजूचा असेल तर मी चकार शब्द काढणार नाही, तिकडे आजही गल्लोगल्ली गजानन सापडतो. पण कथेत ना शेगाव असतं, ना गजानन महाराज. लेखकाला नाव सुचलं आणि त्याने ते देऊन टाकलं.

पात्राचं नाव लेखकाला सुचून भागत नाही. ते कथेतल्याच कुणीतरी, बहुतेक वेळा कथा सुरू व्हायच्या कितीतरी आधी, ठेवलेलं असतं. कुणी ठेवलं, कधी ठेवलं, का ठेवलं आणि आता त्या नावाने कोण हाक मारतं, एवढं शोधून काढलं की नाव हाती लागतं. पुढे जे लिहिलंय ते या शोधाच्या क्रमाने लिहिलंय.

आधी साल आणि गाव

नावाची जागा कोरी सोडा आणि वहीत पात्राचं जन्मसाल व जन्मगाव लिहा. वय लिहू नका, सालच लिहा. नुसतं वय लिहिलं की कथा कधी घडते हा प्रश्न टाळता येतो आणि तो टाळला की नावही चुकतं.

साल लिहिलं की निम्मी नावं आपोआप गळतात. एकोणिसाव्या शतकातल्या बायकांत नद्या भरपूर: गंगा, यमुना, गोदावरी, कृष्णा, भागीरथी, नर्मदा. १९३०-५०च्या मध्यमवर्गात कुसुम, मालती, सुमन, विमल, शरद, वसंत, मधुकर, दिनकर. साठ ते ऐंशीच्या दशकांत संजय, सुनील, राजेंद्र, सुनीता, संगीता, मंगल, वैशाली. आताच्या बालवाडीत आरव, विहान, शर्विल, ईरा. हा हिशेब ढोबळ आहे आणि गावागणिक मागेपुढे होतो. शहरातली लाट खेड्यात उशिरा पोचते. शिवाय गंमत अशी की खेड्यातली जुनी नावं आता शहरातल्या फ्लॅटमध्ये परत आली आहेत. कोथरूडमधला पाच वर्षांचा मल्हार अगदी खरा वाटतो. जेजुरीकडचा सत्तर वर्षांचा माणूस मात्र मल्हारी असेल. एका वेलांटीत साठ-पासष्ट वर्षं आणि एक अख्खा वर्ग बदलतो.

ऐतिहासिक कथा लिहिणाऱ्यांना वेगळी काळजी घ्यावी लागते. अठराव्या शतकातल्या कागदांत माणूस बऱ्याचदा स्वतःच्या आणि वडिलांच्या नावाने ओळखला जातो: बाजीराव बल्लाळ, नारो शंकर, विसाजी कृष्ण. तिथे प्रत्येकाला आजच्यासारखं तीन खणी नाव दिलं की दप्तर पेशव्यांचं न राहता शाळेचं होतं. कोरेगाव भीमाच्या विजयस्तंभावर कोरलेली महार सैनिकांची नावं पाहा, शेवटी 'नाक' येतं. हे 'नाक' नावाचाच भाग असे. त्या काळातलं तुमचं पात्र नुसतं 'सिद्धू' असेल तर त्याची अर्धी ओळख तुम्ही खोडली.

बारशाला कोण कोण होतं

आता बारशाला जा. बाराव्या दिवशी पाळणा बांधलाय, बायका 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत बाळ पाळण्याखालून-वरून फिरवतायत, आत्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते आणि पाठीत धपाटे खाते. ते नाव आत्याच्या तोंडी कुणी घातलं? इथे निदान पाच-सहा वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेवर एकेक कथा पडलेली असते.

पंचांग ही एक वाट. प्रत्येक नक्षत्राचे चार चरण आणि प्रत्येक चरणाचं एक अक्षर, म्हणजे सत्तावीस नक्षत्रांची एकशे आठ अक्षरं. अश्विनीला चू, चे, चो, ला. रोहिणीला ओ, वा, वी, वू. या अक्षरावरून नावरस नाव निघतं. ते पत्रिकेत राहतं आणि व्यवहारात दुसरंच चालतं. पात्राला असं एक दडलेलं नाव असू द्या. लग्न जुळवण्याच्या प्रसंगात किंवा भटजींनी संकल्प सांगताना ते अचानक बाहेर येऊ शकतं.

आजोबांचं नाव नातवाला ही दुसरी वाट, आणि मला सर्वांत आवडणारी. कारण त्यात एक अडचण आपसूक तयार होते. नातवाचं नाव विनायक, सासऱ्यांचं नाव विनायक. सुनेने पोराला 'विन्या, इकडे ये' म्हणायचं कसं? मग ती त्याला बाळ म्हणते, बाबा म्हणते, नाना म्हणते. पोर पन्नाशीचं झालं तरी ते बाळच राहतं. लोकमान्य टिळकांचं पाळण्यातलं नाव केशव होतं. जगाला माहीत झालं ते बाळ. तुमच्या कथेत साठीतला दरडावणारा 'बाळासाहेब' असेल तर त्याच्या आईला कुणाचं नाव घ्यायचं नव्हतं, हे तुम्हाला ठाऊक असावं. कथेत सांगितलं नाही तरी चालेल.

तिसरी वाट दैवताची. इथे गाव लिहून ठेवल्याचा उपयोग होतो, कारण महाराष्ट्रात देव भागाभागाने बदलतो. जोतिबाच्या डोंगराच्या टापूत जोतिराम आणि जोती. खंडोबाच्या मुलखात खंडू, मल्हारी, मार्तंड, म्हाळसा, बाणाई. धनगर वाड्यांवर बिरू आणि बिरदेव. तुळजापूरच्या भक्तांत तुळजाराम, अंबादास. वारकरी घरांत पांडुरंग, पुंडलिक, ज्ञानदेव, मुक्ता, जनाबाई. सोलापूर-अक्कलकोट पट्ट्यात कन्नडचा शेजार आणि लिंगायत घरं, म्हणून मल्लाप्पा, सिद्धाप्पा, शिवलिंग. सोलापुरातल्याच तेलुगू विणकरांत नरसय्या, व्यंकटेश. पीर-फकिरांचा हिस्सा विसरू नका. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ पिराला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी, शरीफजी ठेवली अशी परंपरा आहे. खेड्यांत पिराजी, फकीरा, दावल ही नावं हिंदू घरांतही होती. अण्णा भाऊ साठ्यांच्या कादंबरीचा मांग नायक 'फकिरा' आहे. धर्माच्या खणांत नावं भरून मोकळे होणाऱ्यांनी ते एक नाव जरा वेळ डोळ्यांसमोर ठेवावं.

नवसाचं दुसरं टोक म्हणजे भीती. मुलं जगत नसली की पुढच्या मुलाला दृष्ट लागू नये, मरणाला त्याचा मोह पडू नये म्हणून मुद्दाम टाकाऊ नाव ठेवत: दगडू, धोंडू, केरू, कचरू, भिका, उकिरडा. (धोंडू अधिक महिन्यात, म्हणजे धोंड्याच्या महिन्यात, जन्मलेलाही असू शकतो. कुठला ते ठरवा.) नवखे लेखक दगडू हे नाव विनोदासाठी वापरतात. ज्या घरात ते ठेवलं गेलं तिथे त्याच्याआधी दोन-तीन पाळणे रिकामे झालेले असत.

मुलींच्या बाबतीत भीतीची जागा कंटाळा घेतो. तिसरी-चौथी मुलगी झाली की नकुशा, नकोशी. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. तुमच्या कथेतली नकुशा आज तिशी-चाळिशीत असेल आणि तिच्या आधार कार्डावर 'ऐश्वर्या' असेल, तर तिला दोन नावं आहेत. घरचे अजून कुठलं वापरतात हा प्रश्न कथेच्या मध्यभागी जाऊन बसेल.

आदिवासी पाड्यांवर वार उपयोगी पडतो: सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. वारली चित्रकलेला जगभर नेणारे जिव्या सोमा मशे हे नाव आठवा.

आणि मग १४ ऑक्टोबर १९५६. नागपूरच्या दीक्षेनंतर हजारो घरांतल्या बारशांची दिशाच बदलली. सिद्धार्थ, राहुल, गौतम, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा. आजोबा धोंडिबा, वडील गौतम, नात संघमित्रा: या तीन नावांत जे घडलंय ते सांगायला एरवी दहा पानं लागतील. तेवढी पानं लिहायची वाचली म्हणून समजा. मात्र यातली बरीच नावं इतर घरांतही चालतात, त्यामुळे एकट्या 'मिलिंद'वर सगळा भार टाकू नका.

शेवटची वाट करमणुकीची. सचिन तेंडुलकर हे नाव संगीतकार सचिनदेव बर्मन यांच्यावरून आलं आणि पुढे या सचिनवरून किती सचिन झाले याची गणती नाही. नाटक-सिनेमातलं नाव पाळण्यात जाणं आपल्याकडे जुनं आहे. लता मंगेशकरांचं मूळ नाव हेमा. 'भावबंधन' नाटकातल्या लतिकेवरून लता झालं असं सांगतात. म्हणजे गडकऱ्यांनी एका पात्राला दिलेलं नाव एका घरात शिरलं आणि तिथून देशभर गेलं. पात्रांची नावं कुठून येतात हे आपण शोधतोय खरं, पण वाहतूक दुहेरी आहे. १९८०च्या पुढे जन्मलेल्या पात्राचं नाव ठरवताना तेव्हा घरच्या टीव्हीवर काय चालू होतं, हे विचारून घ्या.

आडनाव

आडनाव निवडताना नवा लेखक दोन टोकांना जातो. एक तर भारदस्त इनामदार, जहागीरदार. नाहीतर सुरक्षित पाटील, देशमुख, कुलकर्णी. दोन्हींत त्याने निवड केलेलीच नसते.

गावावरून येणारी 'कर' आडनावं सोपी वाटतात. कुठलंही गाव घ्यायचं आणि पुढे कर लावायचं. पण आधी जोड नीट बघा: वाईचा वाईकर, मिरजेचा मिरजकर, निपाणीचा निपाणीकर, आजऱ्याचा मात्र आजरेकर, वेंगुर्ल्याचा वेंगुर्लेकर, आणि साताऱ्याचा सातारकर. याला एकच नियम शोधू नका, बोलून बघा. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. असं आडनाव बहुधा गाव सोडलेल्याला चिकटतं. गावात सगळेच तिथले, मग गावाचं नाव लावून वेगळं काय होणार? सात पिढ्या वाईत राहिलेल्या घराचं आडनाव वाईकर असेल तर ते लोक आधी दुसरीकडे जाऊन परत आले का, एवढं तरी तुम्हाला माहीत हवं. मंगेशकर हे आडनाव गोव्यातल्या मंगेशीवरून आलं आणि ते गोव्याबाहेर गाजलं. भालचंद्र नेमाडे खानदेशातल्या सांगवीचे. 'कोसला'चा नायक पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला शिकायला येतो. लेखकाचं गाव नायकाच्या आडनावात जाऊन बसलं आणि परक्या शहरात वावरणारा मुलगा जन्मभर गाव अंगावर वागवतोय, हेही त्यात आलं. पांडुरंग हे पहिलं नावही घरची माळकरी हवा सांगून जातं. निवड अशी असते.

हुद्द्यावरून आलेली आडनावं वेगळ्या जातीची आहेत: कुलकर्णी, देशपांडे, चिटणीस, पोतनीस, सबनीस, फडणीस, कारखानीस, हवालदार, सुभेदार, चौगुले, खोत. यांत घराण्याचा जुना पगार दडलेला असतो. पात्र आज कफल्लक असलं आणि आडनाव सरदेसाई असलं तर ताण फुकटात मिळतो. पण सारखाच वापरला तर स्वस्तही वाटतो.

प्रदेश तर आडनावात सरळ दिसतो. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, नांदेड या बाजूला मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी 'वार' आडनावं, तेलंगणाच्या शेजाराची. गोंड घरांत आत्राम, मडावी, उईके, कुमरे. जळगावकडच्या लेवा पाटलांत कोल्हे, चौधरी, बोरोले, भंगाळे. रायगड-ठाण्याच्या आगरी-कोळ्यांत म्हात्रे, भोईर, तांडेल. सिंधुदुर्गात परब, सावंत, राणे, गावडे. वसईच्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत दिब्रिटो, लोपिस, तुस्कानो, घोन्सालविस. गोव्यात फर्नांडिस आणि डिसोझा, आणि बोलताना बस्त्याव, पेद्रू, जुझे. कोकणी मुसलमानांत मुकादम, परकार, दलवाई, अंतुले. बेने इस्रायली घरांत पहिलं नाव एझकेल किंवा शालोम आणि आडनाव पेणकर, रोहेकर, किहीमकर. अलिबाग-पेणच्या गावांवरून पडलेली ही आडनावं माणसांबरोबर इस्रायललाही गेली. दक्षिणेत गेलेल्या मराठी घरांत आडनावाऐवजी आद्याक्षर येतं: त्रावणकोर, इंदूर आणि बडोद्याचे दिवाण झालेले टी. माधवराव, त्यांतला 'टी' तंजावरचा.

आता जात. आडनावातून वाचक जात वाचतो, तुम्हाला आवडो न आवडो. म्हणून गावगुंड, सावकार, लाचखोर अधिकारी यांची आडनावं सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत जास्त विचार करून ठरवा. कथेतला प्रत्येक चोर एकाच समाजाचा वाटत असेल तर ते तुमच्या मनातलं काहीतरी बाहेर पडलंय. जात उघड करायची नसेल तर पवार, जाधव, मोरे, शिंदे, गायकवाड ही अनेक समाजांत आढळणारी आडनावं घेता येतात. पाटील तर मराठा, आगरी, लेवा, जैन, लिंगायत सगळीकडे. पण दडवायचं का, हाही निर्णयच आहे. काही कथा केवळ या दडवण्यामुळे पुळचट होतात. लग्न मोडण्याचं कारण जात असेल आणि दोन्ही आडनावं जात दाखवत नसतील, तर वाचक अर्धी कथा चाचपडत राहतो.

आणि दहातोंडे, पोटभरे, दहीभाते, एकबोटे. ही खरी आडनावं आहेत, पण कथेत बनावट वाटतात. विनोदी कथेत ठीक. गंभीर कथेत पोटभऱ्याचा पोरगा उपाशी मरत असेल तर आडनाव बदला. वाचकाला वाटेल तुम्ही डोळा मारताय.

कोण काय हाक मारतं

इथे बहुतेकांची कथा लंगडी पडते. नाव ठरवलं 'सुरेश' आणि आई, बायको, साहेब, मित्र, सासरा सगळे त्याला सुरेशच म्हणतात. आपल्याकडे असं घर मी तरी पाहिलेलं नाही.

वहीत एक उभी रेघ मारा. डावीकडे हाक मारणाऱ्यांची यादी, उजवीकडे हाक. समजा माणूस १९६१ साली जोतिबाच्या डोंगराखालच्या एका खेड्यात जन्मला. नाव जोतिराम, वडिलांचं आकाराम, आडनाव चौगुले. आजी म्हणते जोतबा. तालमीतले दोस्त म्हणतात जोत्या. शाळेच्या हजेरीत 'चौगुले जोतिराम आकाराम'. बँकेत लागला तिथे जे. ए. चौगुले, पुढे चौगुलेसाहेब. धाकटी भावंडं आणि पुतणे म्हणतात अण्णा. बायको चारचौघांत नाव घेत नाही. 'अहो', नाहीतर 'राहुलचे पप्पा'. गावाकडे तिच्या सासूच्या तोंडी 'आमचं ह्ये' आणि 'मालक' होतं, तिच्या सुनेच्या तोंडी नवऱ्याचं नाव सरळ एकेरीत आहे. निवृत्तीनंतर साहेबपण गेलं, आजी गेली, दोस्त पांगले. आता जोत्या म्हणणारं एकच माणूस उरलंय. तो माणूस दारात आला की कथेचा प्रसंग तयार.

बाईच्या नावाची गोष्ट याहून टोकाची, कारण लग्नात तिचं पहिलं नावही बदलत असे. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेली यमुना लग्नानंतर आनंदीबाई जोशी झाली, आपल्या पहिल्या स्त्री डॉक्टरांपैकी एक. न्यायमूर्ती रानड्यांच्या पत्नी रमाबाई, त्याही माहेरच्या यमुना. महर्षी कर्व्यांशी १८९३ मध्ये पुनर्विवाह झाला आणि गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. कादंबरीतही बाबा पदमनजींची १८५७ची नायिका यमुना आणि हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' मधली यमू. त्या काळातली नायिका घेतलीत तर तिला माहेरचं आणि सासरचं अशी दोन्ही नावं द्या आणि निवेदक तिला कुठल्या नावाने ओळखतो ते ठरवा. माहेरच्या नावाने ओळखत असेल तर निवेदक तिच्या बाजूचा झाला. लग्नपत्रिका, निधनवार्ता अशा कागदांत सौ., श्रीमती, गं. भा., कै. यांचा हिशेबही असाच चोख ठेवा. अगदी ताज्या कथेत आणखी एक तपशील येतो: १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर महाराष्ट्रात आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहावं लागतं.

निवेदकाचं मघाशी म्हटलं ते पुरुष पात्रांनाही लागू. 'गणपत आला', 'गणपतराव आले' आणि 'गणप्या आला' यांत निवेदकाचं वय, जात, मिजास सगळं कळतं. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत तेच ठेवा. मधेच 'राव' गळायचा असेल तर तो कुठल्या प्रसंगानंतर गळतो, ते तुम्हाला ठाऊक असायला हवं.

नावं गोळा कुठून करायची

बाळाच्या नावांची पुस्तकं आणि संकेतस्थळं बाजूला ठेवा. तिथे आजचीच नावं मिळतात आणि तीही अर्थासकट सजवलेली. त्यापेक्षा गावच्या देवळात जा. पायऱ्यांवर, फरशांवर, पंख्याच्या पात्यांवर देणगीदारांची पूर्ण नावं असतात, बऱ्याचदा 'यांच्या स्मरणार्थ' आणि सालासकट. एका मंडपात तीन पिढ्या भेटतात. जुन्या लग्नपत्रिका जपून ठेवणारी एक तरी मावशी प्रत्येक कुटुंबात असते. पत्रिकेच्या तळाशी 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी चिंगी, पिंट्या, सोनू ही मंडळी हाकेच्या नावांचा खजिना आहेत. वर्तमानपत्रातल्या निधनवार्तांत माणसाचं कागदावरचं नाव आणि लोकांतलं नाव एकाच ओळीत येतं. चौकातल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर टोपणनावं अवतरणचिन्हांत छापलेली मिळतात.

सातबारा उतारा मला फार आवडतो. जमिनीच्या वारसांत भाऊ, बहिणी, विधवा काकू, अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) मुलं अशी सगळी एकत्र उभी असतात, आणि हक्क सोडलेल्या बहिणींची नावं फेरफारात, म्हणजे हक्कबदलाच्या नोंदीत, दिसतात. त्यात नावंच काय, कथानकंही आहेत. राज्याच्या राजपत्रात नाव बदलल्याच्या जाहिराती येतात, जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी. लोकांना काय नको झालं होतं ते तिथे कळतं. कोल्हापूर-सांगली-बेळगाव भागात वंशावळ्या सांगणारे हेळवी अजून फिरतात. त्र्यंबकेश्वरसारख्या ठिकाणी पुरोहितांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या लिहिलेल्या असतात. कुणी आपल्या घराची वंशावळ वाचायला बसलंच तर शेजारी बसून ऐका.

या सगळ्यांतून पूर्ण नाव जसंच्या तसं उचलू नका. पहिलं नाव एकाचं, वडिलांचं दुसऱ्याचं, आडनाव तिसऱ्याच गावचं. मग जुळलेलं पूर्ण नाव कथेतल्या गावाशी आणि धंद्याशी जोडून इंटरनेटवर शोधून बघा. त्याच तालुक्यात त्याच नावाचा सरपंच निघाला आणि तुमच्या कथेतला सरपंच पैसे खात असेल, तर एक अक्षर हलवून भागणार नाही, आडनावच बदला.

सगळी नावं एका कागदावर

पात्रांची नावं ठरली की ती सगळी एका कागदावर, एकाखाली एक लिहा. सुनील, सुनीता, सुशील, सुधीर असं निघालं तर तीन नावं बदला. वाचक नाव पूर्ण वाचत नाही. पहिलं अक्षर आणि लांबी बघून पुढे जातो. भावंडांची नावं जुळती असणं घरोघरी असतंच, तेव्हा जुळं हवं तर रोहन-मोहनऐवजी अर्थाने जुळवा.

नावं वाक्यात घालून बघा. कविता, छाया, संध्या, आशा, ज्योती ही नावं सामान्य शब्दही आहेत. 'छाया अंगणात आली' हे वाक्य पहिल्या परिच्छेदात आलं तर वाचक ऊन शोधतो. यावर उपाय सोपा: पहिल्यांदा नाव येतं तिथे आडनाव किंवा नातं जोडून द्या, 'छायाकाकू अंगणात आली'.

अर्थावरून नाव ठेवायचा मोह प्रत्येकाला होतो. आंधळीचं नाव ज्योती, विश्वासघातक्याचं विश्वास. एकदा हसू येतं, पुढे ओझं होतं. आई-बापांना पुढचं माहीत नसतं हे लक्षात ठेवा. त्यांनी विश्वास हे नाव आशेने ठेवलेलं असेल तर ते चालेल, तुम्ही टोमणा म्हणून ठेवलं असेल तर दिसेल. गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'तला तळीराम आज मराठीत दारुड्याचं सामान्यनाम झालाय, वर्तमानपत्रं मथळ्यात वापरतात. तो मान त्या पात्राने रंगभूमीवर स्वतः मिळवला. नावात 'दारू' कुठेही नाही.

नाव बदलायची वेळ आली तर

कथा अर्धी झाल्यावर नाव खटकणं नेहमीचंच. बदला, पण संगणकावर एका झटक्यात 'सगळीकडे बदला' दाबू नका. रामचा श्याम करायला गेलात की 'आराम'चा 'आश्याम' होतो आणि 'घरामागे' वाढलेला शेवगा 'घश्यामागे' जातो. रामने, रामला, रामचा, रामशी, रामकडे अशी रूपं एकेक करून शोधा. मग हाकांच्या यादीकडे परत जा, कारण आजी त्याला रामू म्हणत होती आणि श्यामला ती काय म्हणेल हे अजून ठरलेलं नाही.